इनासची घंटी

दादरच्या एका लहानशा शाळेत इनास मास्तर मुलांकडून संध्याकाळची प्रार्थना म्हणवून घेत, तेव्हा एका ठिकाणी हमखास थांबत. ‘आम्हां पाप्यांसाठी विनंती कर’ इथवर सगळं सुरळीत चाले. मग मास्तर गप्प. आणि मग पुढं, ‘आता आणि आमच्या मरणाच्या वेळी’. गप्प किती वेळ, तर कुणी एखादं वाक्य बोलून घ्यावं इतका. मुलांना वाटे मास्तरांना दमा आहे. एका आगाऊ पोरानं घरी त्याची नक्कल केली आणि आजीच्या हातचा मार खाल्ला. मास्तरांना दमाबिमा काही नव्हता. दादरहून गिरगावला पायी जाऊन पायी येत, इतके ठणठणीत होते. त्या थांबण्याची गोष्ट निराळी आहे. ती घडली तेव्हा ते मास्तर नव्हते, नुसता इनास होता, बी.ए.च्या वर्गातला, आणि फार त्रासदायक मुलगा होता.

त्रासदायक अशासाठी, की तो फार चांगला होता. धोबीतलावाकडच्या ज्या कॉलेजात तो शिके, तिथं ख्रिस्ती विद्यार्थ्यांचं एक मंडळ होतं आणि इनास परेरा त्याचा चिटणीस. सकाळच्या मिस्साला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, तो सगळ्यांच्या आधी हजर. देवळात बूट करकरू नयेत म्हणून त्यांच्या तळव्यांना खोबरेल चोळून यायचा. बाकीची पोरं विजार मळू नये म्हणून रुमाल अंथरून एक गुडघा टेकत. हा दोन्ही गुडघे उघड्या फरशीवर टेकी, पाठ ताठ, हात जोडलेले, नजर वेदीवर. बघणाऱ्याला वाटावं, हा आता जमिनीपासून वीतभर वर उचलला जातो की काय.

आत मात्र त्याची नुसती घालमेल चाललेली असे. मागच्या बाकावर कोण कुजबुजतंय? प्रार्थनेच्या पुस्तकात कुणी लॉजिकची टिपणं घातलीयत? पाद्रीबाबांनी पवित्र भाकर वर उचलली, घंटी वाजली, सगळ्यांनी माना लववल्या, तेवढ्यात त्या कोपऱ्यातल्यानं जांभई दिली काय? मिस्सा संपेपर्यंत साऱ्या वर्गाच्या चुका त्याला तोंडपाठ झालेल्या असत आणि देवाशी एक शब्द बोलणं झालेलं नसे. हे त्याचं त्याला कळत होतं, आणि त्यामुळं तो दुसऱ्या दिवशी आणखी ताठ बसे.

या मंडळात एक कायतान होता. वसईकडचा, केळीच्या बागवाल्याचा मुलगा, अंगानं थोराड, केव्हाही हसायला तयार. गिरगावात एका वाडीतल्या माडीवर तो आणि इनास एका खोलीत राहत. हा कायतान देवळात यायचा तो शेवटचा पेरू तोंडात कोंबत. वेदीपुढं गुडघा वाकवायचा तो डास मारल्यासारखा. बाक भरले की सरळ खाली फरशीवर मांडी ठोकून बसे. आणि मिस्सा संपली, सगळे गेले, की मारियेच्या मूर्तीपुढं उभा राहून दोन्ही हात कमरेवर ठेवून तिच्याशी गप्पा मारी. परीक्षेचं काय होणार, घरी म्हैस व्यायलीय, थोरल्या बहिणीचं लग्न ठरत नाही, तू जरा लक्ष घाल. इनासनं हे एकदा स्वतःच्या कानानं ऐकलं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या दिवशी खोलीवर दोघांचं चांगलंच जुंपलं. इनासनं विचारलं, गव्हर्नरसाहेबांसमोर तू असा कमरेवर हात ठेवून उभा राहशील काय? कायताननं शांतपणे सांगितलं, की गव्हर्नर काही त्याचा बाप लागत नाही.

“तू प्रार्थनेत त्याला बाप म्हणतोस,” तो म्हणाला, “आणि समोर असा उभा राहतोस, जसा काय नोकरीचा अर्ज घेऊन आलायस.”

उत्तर न सुचलेली माणसं करतात तेच इनासनं केलं. मंडळाच्या पुढच्या सभेत ठराव आणला, की देवळात विद्यार्थ्यांनी फरशीवर बसू नये, मूर्तींपुढं मोठ्यानं बोलू नये आणि फळं खाऊ नयेत. ठराव मंजूर झाला. कायताननंही हात वर केला, कारण त्याचं म्हणणं, फळांचं बाकी खरं होतं.

आता इतकं काटेकोर व्हायला माणसाला काहीतरी लागलेलं असावं लागतं. इनासला लागलं होतं ते सातव्या वर्षी.

त्याची आई बाळंतपणात गेली. बाप बोटीवर कोळसा घालायला म्हणून गेला तो परत आला नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी ज्या बाईनं त्याला हातांवर धरलं होतं, त्या मदरिणीनं, म्हणजे धर्माच्या आईनं, त्याला वाढवलं. रोजा तिचं नाव. नवरा नाही, मूल नाही. परळच्या एका चाळीत एक खोली आणि गिरणीत सूत रिळावर चढवायचं काम. संध्याकाळी सुट्टी झाली की रोजा गॅलरीत पाय पसरून मासळी साफ करायला बसे आणि मासळी साफ करता करता जपमाळ म्हणे. माळ हातात धरायला हात मोकळे नसत, म्हणून ती शेजारी खुंटीला. इनास मांडीपाशी. आणि समोर दबा धरून मांजरी. प्रार्थना रंगात आली की मांजरी नेमकी पुढं सरके, आणि रोजा सुरी उगारून म्हणे, “आम्हां पाप्यांसाठी विनंती कर, हट मेले, तुझ्या बापाचा हाय का बांगडा, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी, आमेन.” रोज असंच. आवाज चढे तेवढाच, सुरात फरक नाही, श्वासही मध्ये घ्यायची नाही. देवाशी बोलता बोलता मांजरीला हाकलणं तिला अजिबात वेगळं काम वाटत नसे. घरात दोन माणसं असली की दोघांशीही बोलावं लागतं, इतकंच.

परळच्या देवळातल्या पाद्रीबाबांनी पोरगा हुशार म्हणून त्याला बोर्डिंगच्या शाळेत घातलं. पहिल्याच आठवड्यात वर्गात उभं करून मास्तरांनी प्रार्थना म्हणायला सांगितली. इनासनं डोळे मिटून, हात जोडून, घरी शिकला तशी खणखणीत म्हटली. बांगड्यासकट. वर्ग आधी गार पडला, मग फुटला. मास्तर हसले नाहीत. त्यांना वाटलं पोरगा देवाची टवाळी करतोय. त्यांनी छडी काढली.

छडीचे वळ चार दिवसांत गेले असतील. पण त्या हसण्यानं इनासच्या मनानं जी धास्ती घेतली ती गेली नाही. आपण भक्तीनं म्हणतोय आणि चुकतोय, आणि चुकतोय हे फक्त आपल्यालाच माहीत नाही, ही धास्ती. त्या दिवसापासून तो प्रार्थना म्हणत नसे, तपासत असे. रोजावर रागही धरला. तिला काही बोलला नाही, पण सुट्टीत घरी आला की जपमाळेच्या वेळी नेमका खाली जाऊन उभा राही. पुढं गिरगावात राहायला आल्यावर महिन्याकाठी, मग सणाला, असं जाणं कमी होत गेलं. रोजाला वाईट वाटलं असेल, तर तिनं ते दाखवलं नाही. पोर शिकतंय, त्याला वेळ कुठला, असं ती शेजारच्या जाईबाईला सांगे. ही जाईबाई रत्नागिरीच्याही पलीकडची, मालवणकडची. तिचा नवरा गणपत त्याच गिरणीत. दोन खोल्यांमध्ये भिंत एक, आणि ती भिंत अशी की पलीकडं कुणी शिंकलं तर अलीकडून ‘जीव रे’ म्हणावं.

मग अठराशे शहाण्णव साल सरता सरता मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला.

मांडवीकडून तो सरकत सरकत आला आणि नव्या वर्षात परळ-लालबागेत शिरला. बोटी भरभरून लोक कोकणात पळाले. कॉलेजातली बाकं ओस पडली. गोऱ्या सोजिरांना घेऊन तपासणीवाले घराघरांत शिरू लागले. काखेत, जांघेत गाठ सापडली की माणूस इस्पितळात, आणि इस्पितळात गेलेला परत आलेला कुणी बघितला नव्हता. लोक आजारी माणसं लपवू लागले. माळ्यावर, पिंपांमागं, नाहीतर खोलीत ठेवून बाहेरून कुलूप.

परळच्या देवळातले पाद्रीबाबा आता म्हातारे झाले होते, गोव्याकडचे, कानांनी अधू. ख्रिस्ती माणूस मरायला टेकला की पाद्रीनं त्याच्याकडं पवित्र भाकर घेऊन जायचं, ती त्याची शेवटच्या प्रवासाची शिदोरी. ती शिदोरी रस्त्यानं निघाली की पुढं एकानं कंदील आणि घंटी घेऊन चालायचं, भर दुपार असली तरी. घंटी ऐकून लोकांनी बाजूला व्हायचं, ख्रिस्ती असतील तर जागच्या जागी गुडघे टेकायचे. घंटीवाल्यानं बोलायचं नाही, थांबायचं नाही, इकडं तिकडं बघायचं नाही. देव सोबत आहे. परळच्या देवळाचा घंटीवाला तापाच्या भीतीनं वसईला पळाला, म्हणून पाद्रीबाबांनी कॉलेजात निरोप धाडला. दोघं उभे राहिले, इनास आणि कायतान.

आधी घंटी कायतानकडं होती. इनास देवळात इतर कामं बघे. एकदा लालबागच्या नाक्यावर त्यानं ती वरात बघितली आणि तो जागीच थिजला. पाद्रीबाबा छातीशी शिदोरी धरून, मान खाली घालून चाललेले. पुढं कायतान. कंदील एका हातात, घंटी काखेत, आणि तो पानवाल्या दौलतशी बोलत होता. तुमच्या आळीत कोण पडलंय, वरच्या मजल्यावरचा ख्रिस्ती गवंडी दिसला नाही कधीपासून, त्याचं दार का बंद? दौलतनं हळूच काहीतरी सांगितलं. कायताननं मागं वळून पाद्रीबाबांच्या कानात ते ओरडून सांगितलं आणि वरात भलत्याच बोळात वळली.

देव सोबत असताना पानवाल्याशी गप्पा! इनासला त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं मंडळाच्या पाद्रीबाबांकडं, म्हणजे कॉलेजातल्या, तक्रार केली. एक शब्द खोटा सांगितला नाही. घंटी कायतानकडून काढून इनासकडं देण्यात आली.

कायतान रागावला नाही, हे इनासला फार लागलं. त्यानं घंटी फडक्यानं पुसून दिली.

“वाजव बाबा,” तो म्हणाला. “तुझं वाजवणं माझ्याहून चांगलंच होईल. पण वाजवताना कान मोकळे ठेव.”

इनासनं घंटी घेतली आणि त्याच्या सल्ल्याकडं दुर्लक्ष केलं. आणि खरं सांगायचं तर त्यानं ते काम देखणं केलं. पावलं मोजकी, कंदील छातीच्या उंचीला, घंटी ठरावीक अंतरानं. परळच्या रस्त्यांवरचे हिंदू गिरणीवालेही टोपी सारखी करून हात जोडत. इनासला पहिल्यांदाच वाटलं, आता जमतंय. पण आतली घालमेल काही गेली नाही, उलट चालताना ती पायांत उतरे. दिवसाआड तो रोजाच्या चाळीवरून जाई. हातात घंटी असताना वर जाणं शक्य नव्हतं. घंटी नसताना अभ्यास होता. परीक्षा झाली की जाऊ, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. चाळ आली की तो नजर कंदिलावर ठेवी.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी पाद्रीबाबांना बोलावणं आलं. गिरणीच्या मागं राहणाऱ्या एका ख्रिस्ती स्वयंपाक्याची बायको अत्यवस्थ होती. निघाले. ऊन चांगलंच तापलेलं, रस्ता जवळजवळ रिकामा, रोगाच्या खोल्यांतलं जाळलेलं सामान कडेला धुमसतंय. नाक्यावर एक शिपाई कंटाळून उभा. रोजाची चाळ आली. इनासनं कंदिलाकडं बघितलं.

“इन्या.”

आवाज त्यानं ओळखला. जाईबाई चाळीच्या दारात उभी होती, डोक्यावरून पदर घेतलेली. इन्या म्हणजे तोच. मांजरीबरोबर मांडीपाशी बसणारा इन्या, ज्याच्यावर वर्ग हसला होता.

“इन्या, वायच थांब रे,” ती पुन्हा म्हणाली. हळू म्हणाली, शिपायाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं.

इनासचे कान तापले. या बाईला एवढं कळू नये? देव रस्त्यानं चाललाय आणि हिला चौकश्या सुचतायत, कधी आलास, जेवलास का, रोजा आठवण काढते. त्यानं मान हलवली नाही. जाईबाई दोन पावलं पुढं आली. तिनं तिसऱ्यांदा तोंड उघडलं असावं, कारण इनासनं घंटी जोरात वाजवायला सुरुवात केली. ठरावीक अंतर सोडून, लागोपाठ, मोठ्यानं, तिचा आवाज बुडेपर्यंत. मागं पाद्रीबाबांना तर आधीच काही ऐकू येत नव्हतं. चाळ मागं पडली. कोपरा वळेपर्यंत त्यानं घंटीचा हात खाली घेतला नाही.

स्वयंपाक्याच्या बायकोला शिदोरी मिळाली. परत येताना शिदोरीची डबी रिकामी, म्हणजे घंटी नाही, मौन नाही. पाद्रीबाबा थकले होते, म्हणून दोघं भोईवाड्याकडून जवळच्या वाटेनं आले. त्या संध्याकाळी इनासनं गिरगावच्या खोलीत कायतानला सांगितलं, की आज एक बाई रस्त्यात बोलायला लागली होती, पण मी सांभाळलं. कायताननं विचारलं, काय म्हणत होती. इनास म्हणाला, कुणास ठाऊक. मग तो उगाच उठला, उगाच खिडकी उघडली, लावली, पुस्तक घेऊन बसला आणि एक ओळही त्याच्या डोक्यात शिरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परळच्या देवळात पोचला तेव्हा पायरीखाली जाईबाई उभी होती. पायरी चढलेली नव्हती. दुसऱ्याच्या देवळाची पायरी, विटाळ कशाचा होतो कशाचा नाही तिला माहीत नव्हतं. पाय अनवाणी, डोळे सुजलेले. इनास दिसला तशी ती रडली नाही. तिनं सरळ सांगितलं.

“तुझी मदरीण गेली रे बाबा. काल दुपारी.”

इनास खाली बसला, त्याच पायरीवर, बुटांसकट. जाईबाईनं मग उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गाठ काखेत आली होती. तपासणीवाले नेतील म्हणून जाईबाईनं रोजाला आत ठेवून बाहेरून कुलूप घातलं. गणपत म्हणाला, आपण गावाक जाऊया, ती म्हणाली, तू जा, आणि तो गेला. रोजा पाद्र्याला बोलवू देईना, कारण पाद्री आला की घंटी येणार, घंटी आली की साऱ्या रस्त्याला कळणार. जाईबाईनं तिला सांगितलं होतं, तुझा इन्या घंटी घेऊन जाताना मी बघितला. तर म्हातारी तापातही खूश झाली. माझं पोर देवाच्या पुढं चालतंय, म्हणाली.

“काल मात्र ती म्हणाली, आता कोणाक कळला तरी चालात, आता बोलव. तितक्यात तुझी घंटी वाजली. मी खाली धावलंय. शिपाय होतो, म्हणान मोठ्यान सांगूक येईना, घरात दुखणायत आसा म्हणान.”

इनासनं मान वर केली नाही. मला कळायला पाहिजे होतं, एवढंच तो पुटपुटला.

“तुझी काय चूक?” जाईबाई म्हणाली. “तू देवाबरोबर होतंस. देव बरोबर असताना माणूस थांबतलो कसो? ता माका कळता.”

तिनं दोष दिला असता तर बरं झालं असतं. शिव्या घातल्या असत्या, थोबाडीत मारली असती तर इनासनं ती आनंदानं खाल्ली असती. पण ती बाई त्याची समजूत घालत होती. मग तिनं जे सांगितलं ते सांगायला नको होतं, पण तिला ते चांगलंच वाटलं, म्हणून सांगितलं. घंटी ऐकून रोजा उठून बसली होती. ज्या बाईला दोन दिवस मान उचलत नव्हती, ती भिंतीला टेकून बसली, केसांवरून हात फिरवला, पाट मांडायला लावला, त्यावर धुतलेलं लुगडं घालायला लावलं, मेणबत्ती लावायला लावली. मग जाईबाई खाली धावली. परत वर आली तर रोजा दाराकडं तोंड करून हसत होती.

“घंटी एकदम मोठी झाली ना,” जाईबाई म्हणाली, “म्हणान मी वर गेलंय तशी ती म्हणाली, इलो माझो इन्या.”

देवळाच्या पायरीवर बसलेल्या इनासनं दोन्ही हातांनी कान झाकले. सवयीनं आधी त्यानं इकडं तिकडं पाहिलं, कुणी बघतंय का ते. मग त्याची त्यालाच लाज वाटली आणि तो हुंदके देऊन रडला. जाईबाई थांबली. रडू दिलं. तिला अजून काहीतरी विचारायचं होतं. सकाळपासून ती त्यासाठीच इथं उभी होती, आणि ते कसं काढावं हे तिला कळत नव्हतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती शेवटी म्हणाली, की घंटी लांब गेल्यावर म्हातारीनं काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, जाई, मला आता बोलवत नाही, तू म्हण माझी माळ.

“तुला कशी येते?” इनासनं विचारलं.

येते म्हणजे काय? इतकी वर्षं रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून ऐकतेय. लहानपणची भजनं विसरेन, पण ही विसरायची नाही, असं जाईबाई म्हणाली. तर तिनं रोजाचा हात धरून म्हटली. पुन्हा पुन्हा म्हटली. म्हणता म्हणता म्हातारी एकदा हसली आणि मग तिचा हात गार होत गेला. पण काल दुपारपासून जाईबाईच्या जिवाला एकच घोर लागला होता. आपण परक्या जातीची बाई. मंत्र दुसऱ्यांचा. कुठं काही इकडचं तिकडं झालं असेल आणि त्यापायी म्हातारी वाटेतच अडकली असेल तर?

“तू शिकलंस,” ती म्हणाली. “तू सगळ्यांच्यो चुको काढतस म्हणान ती सांगी. माझा काय चुकला असात तर सांग. मी आता म्हणतंय. नीट आयक.”

आणि पायरीखाली, उन्हात, डोक्यावरचा पदर सारखा करून, हात जोडून जाईबाईनं डोळे मिटले. तिनं प्रार्थना म्हटली ती थेट रोजाच्या सुरात, रोजाच्याच बोलीत, शब्द न् शब्द तसाच. नमो मारिया. कृपेनं भरलेली. इनास ऐकत होता. हयातीत पहिल्यांदा तो कुणाची प्रार्थना तपासत नव्हता. त्याला पुढचं ठाऊक होतं. ते येणार हे ठाऊक होतं, आणि येऊ नये असं वाटत होतं, आणि न येतं तर त्याचा जीव गेला असता.

“आम्हां पाप्यांसाठी विनंती कर,” जाईबाई म्हणाली, “हट मेले, तुझ्या बापाचा हाय का बांगडा, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. आमेन.”

तिनं डोळे उघडले. आत देवळात पाद्रीबाबा मिस्साची तयारी करत होते. कायतान कधीतरी मागून येऊन उभा राहिला होता, आणि एरवी कशावरही हसणारा तो पोरगा हसला नाही. जाईबाईनं एकदा त्याच्याकडं, एकदा इनासकडं बघितलं. ती थोडी संकोचली.

“ता बांगड्याचा माका कधी समाजला नाय,” ती म्हणाली. “आमच्यात देवाक नारळ, तुमच्यात बांगडो असात म्हणान मी काय इचारूक नाय. पण तीच एक जागा ती जोरात म्हणा, म्हणान मीय जोरात म्हटलंय. चुकला काय रे?”

इनास पायरीवरून खाली उतरला. तिच्यासमोर धुळीत गुडघे टेकले, कसेबसे, एक आधी, एक मग, आणि तिचे जोडलेले हात आपल्या कपाळाला लावले.

“नाही गं जाईबाय,” तो म्हणाला. “काही चुकलं नाही. असंच म्हणतात.”